पातेऱ्यातलं पिल्लू

थंडी ओसरली की वैभववाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावांत बायकांना एकच काम असतं: पातेरा. झाडांखालचा वाळका पाला खराट्यानं ओढायचा, मोठ्या टोपलीत पायानं दाबून भरायचा आणि शेताच्या कोपऱ्यात रचून ठेवायचा. पुढे तो पसरून जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं जोमानं येतात. सकाळची भाकरी झाली की बायका रानात जातात ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत.

मी तिथल्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. माहेर जामसंड्याचं, म्हणजे समुद्राकडची. डोंगराशी माझा संबंध बदलीपुरताच. एका शेतकऱ्याच्या घराला लागून खोली घेतली होती. घरमालकीण माझ्याहून बरीच मोठी. मी तिला काकी म्हणायचे, ती मला बाईनू म्हणायची. आमचं चांगलं जमायचं, कारण दोघींनाही रिकामं बसवत नसे. उद्या काय काय करायचं ते मी कागदावर लिहायचे आणि ती बोटांवर मोजायची, एवढाच फरक.

पिल्लू काकीलाच सापडलं. देवीच्या राईच्या कडेला ती खराटा ओढत होती. पाला सरकला आणि खाली तांबूस रंगाचं काहीतरी दिसलं. मांजराएवढं, पाय पोटाखाली घेतलेले, मान जमिनीला चिकटवलेली. हललं नाही, ओरडलं नाही. काकीला वाटलं मेलंच आहे. हात लावला तर गरम. तिनं टोपलीतला अर्धा पाला ओतून टाकला, उरलेल्यावर पिल्लू ठेवलं आणि तडक देवळात आली.

ती घरी का नाही गेली, हे सांगायला हवं. राईतलं जिवंत काही हाताला लागलं, मग ते मधाचं पोळं असो की घोरपड, तर ते देवीचं. तिला विचारल्याशिवाय ठेवायचं नाही आणि सोडायचंही नाही. त्या गावात हा नियम कुणी मोडत नसे. माझी शाळा देवळाला लागूनच होती, त्यामुळे गलका ऐकून मीही गेले. गुरव आला, मानकरी आले. सगळ्यांत वडील मानकरी सत्तरीचे होते. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे. गुरवानं पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे पाण्यानं कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवले. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

म्हाताऱ्यांनी हात जोडले. "गे आये! तुझ्या राईत ह्यां जीव गावला. तेका आवस नाय, बापूस नाय. तुजा लेकरू म्हणान आमी सांबाळूचा काय? सांबाळूचा आसात तर उजवो कळो दी गे आये!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

उजवा कळा पडला. बायकांनी नमस्कार केला. कुणीतरी म्हणालं, "काकीक आता म्हातारपणी बाळातपण करूचा इला!" आणि सगळे हसले. काकीही हसली. इतकं सगळं रीतसर आणि प्रेमानं झालं की कुणी चूक केली असं आजही म्हणवत नाही.

मी मात्र एवढंच विचारलं होतं, "याची आई कुठे असेल?"

"आवस आसती तर असा टाकून गेली आसती?" एक बाई म्हणाली. "भेकराचा पिल ता. वाघान खाल्ल्यान आसतली तिका."

ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

पिल्लाला काकी गाईचं दूध बोंडल्यानं पाजू लागली. पहिल्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी थोडं घेतलं. तिच्या लुगड्याचा काठ चोखत ते तिच्या मागे मागे चालायला लागलं. त्याला बघायला शाळेतली मुलं यायची. मी त्यांना रांगेत उभं करून लांबूनच दाखवायचे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकी गुरं घेऊन राईजवळून येत होती. ती घरी आली तेव्हा हातातली काठीसुद्धा खाली ठेवली नव्हती. माझ्या दारात उभी राहिली.

"बाईनू, आवस आसा."

"कुणाची?"

"तेची. थयंच उभी आसा. जंय मी पालो वडलंय थंय. हळू साद घालता नि परत मागे जाता." तिचा आवाज चिरका झाला होता. "ती खंय गेलीच नाय हुती. तिनाच लपवून ठेवलेल्यान. नि मी काडून हाडलंय. माझ्या ह्या हातान."

मी तिच्याबरोबर गेले. बांधाच्या आडोशानं बसलो. लहान शेळीएवढं जनावर, तांबूस, शिंगं नसलेलं, उंच गवतात अर्धं बुडून उभं होतं. पाऊल उचलायचं, थांबायचं, परत ठेवायचं. मग घशातल्या घशात एक घोगरा बारीक आवाज काढायचं. थोडं थांबून पुन्हा. वाट बघणाऱ्या माणसासारखंच ते मधे मधे कान फिरवत होतं. काकी तोंडात पदर कोंबून रडत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. ती आटोपून मी वैभववाडीला गेले. बाजारात औषधाच्या दुकानातून दूध पाजायची बाटली आणि रबरी बूच घेतलं, आणि जंगलखात्याच्या माणसाला गाठलं. तो वणव्यांमुळे थकलेला होता, डोळे लाल झालेले, शर्टाला धुराचा वास. त्यानं दोनच प्रश्न विचारले. पिल्लाच्या अंगावर ठिपके आहेत का? नाहीत. त्या राईच्या आसपास एकाच जागी लेंड्यांचा ढीग पडतो का? पडतो, काकीनं कधीतरी सांगितलं होतं.

"मग भेकर नाही ते," तो म्हणाला. "चौशिंगा. नराला चार शिंगं असतात, मादीला एकही नाही. हरणांची शिंगं दरवर्षी गळतात, याची जन्मभर राहतात. हा काळविटाच्या कुळातला. आपला देश आणि थोडा नेपाळ सोडला तर जगात कुठेच नाही. कायद्यात वाघ ज्या यादीत आहे ना, त्याच यादीत हा आहे. पण वाघ मेला की बोंब होते. हा मेला तर लोक म्हणतात भेकर मेलं."

"किती असतील आपल्याकडे?"

"मोजलेत कुणी? मी इथं आल्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी एकच मादी बघितली. तुम्ही बघितलीत तीच असेल."

मी विचारलं, आता काय करू. तो म्हणाला, "जिथून उचललं तिथंच ठेवा. आज. उद्या नाही. आई थोडे दिवस येते, मग दूध आटतं आणि ती जाते. गाईचं दूध बंद करा, शेळीचं द्या, तेही थोडं."

"तुम्ही येऊन न्या ना. तुमचा अधिकार आहे."

"अधिकार आहे. पण देवीचा कौल झालेलं पिल्लू मी ओढून नेलं, तर ह्यापुढे त्या गावात काही सापडलं तरी मला कोण सांगेल? कौल गावानंच फिरवला पाहिजे. बघा जमतं का. नाही जमलं तर मी येतो."

परतीच्या वाटेवर मी मनात कामं लावली. शेळीचं दूध: वरच्या वाडीत मिळेल. मीठ-साखरेचं पाणी: घरात आहे. गुरव: आजच. तीन कामांतली दोन सूर्य मावळायच्या आत झाली. तिसरं झालं नाही.

गुरव अंगणात सुपारी सोलत बसला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "बाईनू, तुमचा बराबर आसा. पण दिल्लो कौल परत लावूचो तर पयल्या खेपेक जे हजर हुते ते सगळे व्हये. नि गाऱ्हाणा घालणारो तोच व्हयो."

"मग बोलवा ना त्यांना."

"म्हातारो कालच देवबागाक गेलो. चेडवाकडे. शिगम्याक येतलो म्हणालो."

शिमगा अजून लांब होता.

"मी त्यांना घेऊन येते," मी म्हटलं.

"तुमी? देवबागाक?" गुरवाची बायको आतून म्हणाली, "तेंका बैलगाडयेत घालून हाडलास तरी ते येवचे नाय गो बाय. सोलकढी नि बांगडे सोडून?"

रविवारी पहिल्या गाडीनं मी निघाले. तळेरे, कणकवली, तिथून मालवण. प्रत्येक स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते आणि प्रत्येक वेळी ती मादी पाऊल उचलून परत ठेवताना दिसायची. मालवणात बांगड्याच्या वासानं माहेर आठवलं, पण थांबले नाही. तारकर्लीच्या पुढे रस्ता वाळूत संपायचा. तिथून खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवरून, सुरूच्या झाडांतून, चपला हातात घेऊन चालत गेले.

म्हातारे जावयाच्या होडीच्या सावलीत बसून जाळ्यातले खेकडे सोडवत होते. मला बघून दचकले. "बाईनू! कोण मेला?"

"अजून कुणी नाही." मी सगळं सांगितलं.

त्यांनी खेकड्याची नांगी मोडली. "देवीन कौल दिल्यान. झाला. आता तिका परत परत सतावचा? ती काय तुमच्या शाळेतली पोर आसा, धा वेळा उभी करून इचारूक?"

"तिला विचारलं ते वेगळंच होतं," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात, याला आई नाही. आई आहे. मी स्वतः बघितली."

"म्हणजे माझ्या गाऱ्हाण्यात चूक काडतात तुमी?"

"हो."

त्यांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच थबकली. म्हाताऱ्यांनी जाळं बाजूला फेकलं.

"चला. परत लावया कळे. उजवोच पडतलो. मग सगळ्या गावासमोर तुमी माज्या पाया पडूचा."

"पडेन."

"बाबांनू, जेवन जावा," मुलगी म्हणाली.

"जेवन नको. ह्या बायक माज्या देवीपेक्षा जास्त कळता. तिका दाखवतंय."

तरीही निघायला दुसरा दिवस उजाडला, कारण मालवणाहून सुटणारी शेवटची गाडी तोवर निघून गेली होती. त्या रात्री मी त्यांच्या मुलीच्या घरी झोपले, पण झोप नावालाच. शेजारी समुद्र गरजत होता. पिल्लू आज काय प्यायलं असेल, मादी आली असेल का, हे कळायला काही मार्ग नव्हता. गावात फोन नव्हता.

सोमवारी शाळेला रजा टाकून आम्ही निघालो. कणकवलीच्या पुढे रस्ता चढाला लागला तेव्हा म्हातारे आपणहून बोलायला लागले. त्यांच्या घराच्या चौकटीवर चार शिंगांची एक कवटी लावलेली आहे, ती मी बघितली होती. शिमग्यात गावाची पारध निघते. हाकारे घालत सगळं रान पालथं घालतात, आणि मिळेल त्या शिकारीचा वाटा प्रत्येक घराला जातो. त्यांच्या तरुणपणी पारध कधी रिकामी येत नसे.

"नि आता?"

"आता रिकामीच येता. एक कोंबो मारतत नि तेचोच वाटो. मान तुटाक नको म्हणान." ते खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, मधे मधे नव्या काजूच्या रांगा आणि कोळशासाठी तोडलेल्या झाडांचे खुंट. "दारावर आसा तो चौशिंगो शेवटचो. मियाच मारलेलंय. पण तेवा कोणी सांगूक नाय ना, की बाबा हो शेवटचो."

मी त्यांच्या पाया पडण्याचा विषय त्यांनी परत काढला नाही.

गावात पोचलो तेव्हा काकी वाटेवरच बसलेली होती. पिल्लाला हगवण लागली होती. शेळीचं दूध एक दिवस बरं गेलं, मग तेही पोटात राहीना. डोळे आत गेलेले, मागचे पाय लटपटणारे, पण काकी उठली की तेही उठायचं. मी विचारलं, "आई?"

"काल इली हुती. आज दिसाक नाय." मग घाईघाईनं, "पण येतली. येतली ना बाईनू?"

देवळात सगळे जमले. कळे लागले. म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि या वेळी त्यांचा आवाज खणखणीत नव्हता.

"गे आये. आमका म्हायत नाय हुता. तेची आवस जिती आसा. तुज्या राईत ती साद घालता. तिचा लेकरू तिका परत करूचा आसात तर उजवो दी. आमचा काय चुकला आसात तर पदरात घी गे आये."

"व्हय म्हाराजा."

कळा पडेना. गुरव समईची वात पुढे करून बघत राहिला. बाहेर उन्हं तिरपी झाली होती. माझ्या मनात एकच हिशोब चालू होता: अंधार पडायच्या आत राईत पोचलं पाहिजे. काकीनं पिल्लाला छातीशी धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. शेवटी पाण्याचा थेंब ओघळला आणि उजवा कळा खाली आला.

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. "चला, चला बेगीन," ते म्हणाले.

काकीनं जागा दाखवली. मी पिल्लाच्या अंगावर ओला पाला चोळला. माणसाचा वास जातो असं कुणी म्हणालं होतं. खरं-खोटं माहीत नव्हतं, पण त्या वेळी जे सुचेल ते केलं. पाल्यात खळगा केला, त्यात त्याला ठेवलं, मान हलकेच दाबून खाली केली. आम्ही मागे वळलो.

पाला वाजला. पिल्लू उठून काकीच्या मागे येत होतं.

परत ठेवलं. परत उठलं. तिसऱ्या वेळी मी काकीला घरी पाठवलं. ती जाताना मागे बघत होती म्हणून म्हाताऱ्यांनी तिच्यावर ओरडून तिला पुढे पिटाळलं. मग आम्ही दोघं बांधाआड बसलो. पिल्लू खळग्यात पडून राहिलं. आता बहुधा उठायची ताकदच नव्हती.

उजेड संपत आला तेव्हा वरून तो आवाज आला. घोगरा, बारीक. म्हाताऱ्यांनी माझा दंड धरला. मादी आली होती. ती गवताच्या कडेला उभी राहिली, पुढचा पाय आपटला, परत साद घातली. पिल्लानं कान टवकारले. ते धडपडत उठलं.

जा, जा, असं मी मनात म्हणत होते. म्हातारे पुटपुटत होते, "जा गो बाय, जा आवशीकडे."

पिल्लू उभं राहिलं आणि वळलं. काकी गेली होती त्या दिशेला. चार पावलं गेलं, पडलं, पुन्हा उठलं. आपल्याला दूध कुठून मिळतं ते त्या दिवसांत ते शिकलं होतं. मादी एक-दोन पावलं पुढे आली. तिनं पुन्हा साद घातली. ते थांबलं नाही. मग खाली वाडीत कुत्रं भुंकलं, तिनं एक कर्कश हाळी दिली आणि उड्या मारत ती रानात शिरली. आम्हाला पुढे जाता येईना आणि बसवतही नव्हतं. आम्ही गेलो तर ती परत येणारच नाही, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. अंधार पडला तसे आम्ही लांबच्या वाटेनं घरी आलो.

पहाटे काकी आमच्याही आधी गेली होती. पिल्लू तिला वाटेवर मिळालं, राई आणि वाडी यांच्यामधे, तोंड वाडीकडे. थंड पडलेलं.

त्याला पुरायला म्हाताऱ्यांनी स्वतः खड्डा खणला, मी नको म्हणत असताना. मादी आणखी दोन संध्याकाळी आली. ज्या जागी तिनं पिल्लू ठेवलं होतं तिथं उभी राहिली, साद घातली, गेली. मग आलीच नाही. लेंड्यांचा तो ढीग वाळून पांढरा पडला आणि पहिल्या पावसात वाहून गेला.

वैभववाडीच्या त्या माणसाला मी सांगायला गेले. तो म्हणाला, "तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत." मला त्याचा काही उपयोग वाटला नाही.

पुढच्या हंगामात, पातेरा सुरू व्हायच्या आधी, म्हाताऱ्यांनी गावाला जमवलं आणि देवीपुढे आणखी एक कौल लावून घेतला: राईत पाल्यात लपलेलं पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, पाला परत अंगावर घालायचा आणि माघारी फिरायचं. गावानं ते एकमतानं मानलं. मी शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलं, शेजारच्या गावांतल्या शिक्षकांना कळवलं, वाडीवाडीत जाऊन बायकांना सांगितलं. काकी तर वाटेत भेटेल त्या बाईची टोपली खाली उतरवून सांगायची.

त्याला आता काही वर्षं झाली. पातेऱ्याचे दिवस आले की अजूनही मी प्रत्येक बाईला विचारते, काही दिसलं का गं? हात नाही ना लावलास?

सगळ्या नियम पाळतात. पण हात लावू नये असं काही तेव्हापासून कुणालाच दिसलेलं नाही.